मूल्य रेंजमध्ये आहे का? डेटाबेसमधील ही तपासणी न चुकता कशी लिहावी

एखादे मूल्य दोन सीमांच्या आत आहे का, हे विचारणारी अट जेमतेम एका ओळीची असते. तरीही चुकलेल्या अहवालाचे मूळ शोधायला बसले की कितीतरी वेळा शोध याच ओळीपाशी येऊन थांबतो. क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) बिनतक्रार चालते, आकडेही दिसतात. फक्त दोन-चार नोंदी कमी किंवा जास्त असतात आणि ते महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. या चुका अवघड नसतात. बहुतेक वेळा त्या कामाचा क्रम उलटा झाल्यामुळे होतात: अट आधी लिहिली जाते आणि सीमांचा विचार नंतर होतो. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत.

वाचण्याच्या सोयीसाठी या लेखात आज्ञांमधले शब्द आणि अंक देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष क्वेरीत ते नेहमीप्रमाणे रोमन लिपीत टाइप करावेत.

## १. सीमा आधी शब्दांत लिहून काढा

की-बोर्डला हात लावण्यापूर्वी कागदावर चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत. खालची सीमा स्वतः रेंजमध्ये धरायची का? वरची सीमा धरायची का? एखादी सीमा दिलीच नसेल तर त्याचा अर्थ काय? आणि मूल्यच नोंदवलेले नसेल तर ती नोंद आत धरायची, बाहेर धरायची की वेगळी दाखवायची?

अहवाल मागणारी व्यक्ती ‘२० ते ३० च्या दरम्यानचे तापमान’ एवढेच सांगते. बोलीभाषेतल्या ‘दरम्यान’ या शब्दात ३० येते की नाही, हे ठरलेले नाही. पण डेटाबेसला ते ठरवूनच द्यावे लागते. हा निर्णय प्रोग्रामरने मनाशी घेऊ नये, विचारून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘बरोबर ३० अंशांची नोंद आली तर ती धरायची का?’ असा सीमेवरचाच प्रश्न विचारला की समोरची व्यक्ती लगेच नेमके उत्तर देते.

तपासणी: चारही उत्तरे लिहून झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. हीच उत्तरे सातव्या टप्प्यात चाचणीसाठी लागणार आहेत.

## २. कॉलमचा डेटा-प्रकार पाहा

स्क्रीनवर आकडा दिसतो म्हणून कॉलम अंकांचाच असेल असे समजू नये. टेबलची रचना उघडून प्रकार प्रत्यक्ष पाहावा.

कॉलम मजकुराचा असेल तर तुलना अक्षरांच्या क्रमाने होते. मजकूर म्हणून ‘१०’ हे मूल्य ‘१’ आणि ‘५’ यांच्या मध्ये येते, कारण पहिले अक्षर जुळल्यावर ‘१०’ हे ‘१’ च्या पुढे जाते आणि ‘५’ च्या मात्र अलीकडेच राहते. याच कारणाने शब्दांच्या यादीत ‘क’ ते ‘म’ अशी रेंज मागितली तर ‘कमळ’ मिळते, पण ‘मन’ मिळत नाही: ‘मन’ हा शब्द नुसत्या ‘म’ च्या पुढे लागतो. ‘म’ ने सुरू होणारे सगळे शब्द हवे असतील तर वरची सीमा म्हणून पुढचे अक्षर घ्यावे आणि ते स्वतः वगळावे. शिवाय मजकुराचा क्रम कोलेशनवर, म्हणजे अक्षरांचा क्रम ठरवणाऱ्या नियमांवर, अवलंबून असतो, त्यामुळे एकच क्वेरी दोन सर्व्हरवर वेगवेगळा निकाल देऊ शकते.

कॉलम फ्लोटचा, म्हणजे अंदाजे साठणाऱ्या दशांश संख्यांचा, असेल तर दशांश अपूर्णांक त्यात नेमके साठत नाहीत. दुप्पट अचूकतेच्या फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ पेक्षा किंचित मोठी होते, आणि ‘० ते ०.३’ या रेंजमधून ती बाहेर पडते. सीमेवरची मूल्ये महत्त्वाची असतील तर कॉलम डेसिमल किंवा न्यूमेरिक प्रकाराचा असावा.

सावध: मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये मजकुराच्या कॉलमची तुलना अंकाशी केली तर तो मजकूर मुकाट्याने अंकात बदलला जातो. निकाल बरोबर आल्यासारखा वाटतो, पण त्या कॉलमचा इंडेक्स (नोंदी लवकर शोधण्यासाठीची सूची) वापरता येत नाही.

## ३. मूळ अट लिहा

रेंज तपासणारी ‘बिट्वीन’ ही अट दोन्ही सीमा आत धरते. म्हणजे

तापमान बिट्वीन २० अँड ३०

आणि

तापमान >= २० अँड तापमान <= ३०

या दोन अटी अर्थाने तंतोतंत एकच आहेत. एकही सीमा वगळायची असेल तर ‘बिट्वीन’ सोडून द्यावे आणि दोन तुलना स्वतंत्र लिहाव्यात. ‘बिट्वीन २० अँड २९.९९’ अशी पळवाट काढू नये, कधीतरी २९.९९५ ही नोंद येतेच.

या टप्प्यावर चार चुका वारंवार दिसतात.

पहिली चूक उलट्या सीमांची. ‘बिट्वीन ३० अँड २०’ लिहिले तर बहुतेक डेटाबेस चूक दाखवत नाहीत. एकही नोंद परत येत नाही, इतकेच. सीमा वापरकर्त्याच्या फॉर्ममधून येत असतील तर त्यांचा क्रम क्वेरीपूर्वीच तपासावा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘बिट्वीन सिमेट्रिक’ ही सोय आहे आणि ती सीमांचा क्रम आपोआप लावते. तरीही क्रम उलटा का आला हे शोधणे मला अधिक योग्य वाटते, कारण पुष्कळदा त्यामागे फॉर्ममधल्या दोन खान्यांची अदलाबदल असते.

दुसरी चूक गणिताच्या वहीतून येते: २० <= तापमान <= ३०. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटमध्ये ही ओळ चालते, पण तिचा अर्थ निराळा होतो. आधी ‘२० <= तापमान’ याचे उत्तर ० किंवा १ असे निघते, मग त्या ० किंवा १ ची तुलना ३० शी होते आणि ती नेहमीच खरी ठरते. तापमान ५०० असले तरी नोंद आत येते. पोस्टग्रेएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर अशी ओळ स्वीकारतच नाहीत, हे उत्तमच आहे.

तिसरी चूक नकाराची. ‘नॉट बिट्वीन’ हाताने उलगडून लिहिताना मध्ये ‘अँड’ तसाच ठेवला जातो. ‘तापमान < २० अँड तापमान > ३०’ ही अट कोणत्याही मूल्यासाठी खरी होऊ शकत नाही. बाहेरची मूल्ये हवी असतील तर मध्ये ‘ऑर’ हवा.

चौथी चूक कंसांची. ‘अँड’ हा ‘ऑर’ च्या आधी सोडवला जातो, म्हणून

केंद्र = १ ऑर केंद्र = २ अँड तापमान बिट्वीन २० अँड ३०

या अटीत तापमानाचे बंधन फक्त दुसऱ्या केंद्राला लागते आणि पहिल्या केंद्राच्या सगळ्या नोंदी येतात. ‘ऑर’ चा गट नेहमी कंसात ठेवावा.

## ४. तारीख आणि वेळ असेल तर अर्धखुली रेंज वापरा

सर्वाधिक नुकसान याच ठिकाणी होते, म्हणून इथे सावकाश जाऊ.

एकदा माझ्याकडे एक मासिक अहवाल तपासायला आला होता. प्रत्येक महिन्याची बेरीज मूळ नोंदींपेक्षा थोडी कमी भरत होती. अट अशी होती: वेळ बिट्वीन ‘२०२४-०१-०१’ अँड ‘२०२४-०१-३१’. वाचायला निर्दोष. पण कॉलम तारीख आणि वेळ दोन्ही साठवणारा होता, आणि अशा कॉलमशी नुसत्या तारखेची तुलना करताना डेटाबेस त्या तारखेची मध्यरात्र, म्हणजे ००:०० ही वेळ धरतो. त्यामुळे ३१ जानेवारीला दुपारी ३ वाजून १२ मिनिटांनी झालेली नोंद ‘३१ जानेवारी ००:००’ या सीमेच्या पुढची ठरून बाहेर राहत होती. दर महिन्याचा जवळजवळ अख्खा शेवटचा दिवस असा गळत होता, आणि दुसऱ्या महिन्याची रेंज १ तारखेपासून सुरू होत असल्याने त्या नोंदी कुठेच मोजल्या जात नव्हत्या.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे वरच्या सीमेला २३:५९:५९ जोडणे. तो पुरेसा नाही, कारण कॉलम सेकंदाचे अंश साठवत असेल तर शेवटच्या सेकंदातल्या नोंदी तरीही निसटतात. मग कोणी २३:५९:५९.९९९ लिहितो. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या डेटटाइम प्रकारात हे उलटे अंगावर येते: तो प्रकार सेकंदाचा सुमारे तीनशेवा भागच साठवतो, त्यामुळे .९९९ चे पूर्णांकन होऊन ते दुसऱ्या दिवशीचे ००:०० बनते आणि १ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीची नोंद जानेवारीत शिरते.

खात्रीची पद्धत एकच आहे, ती म्हणजे अर्धखुली रेंज. खालची सीमा आत घ्यावी आणि वरची सीमा म्हणून पुढच्या कालखंडाची सुरुवात घेऊन ती वगळावी:

वेळ >= ‘२०२४-०१-०१’ अँड वेळ < ‘२०२४-०२-०१’

कॉलम सेकंद साठवत असो की सेकंदाचा दशलक्षांश, ही अट बदलावी लागत नाही. फेब्रुवारी २८ दिवसांचा की २९ दिवसांचा, हा प्रश्नही उरत नाही. शिवाय लागोपाठच्या महिन्यांच्या रेंज एकमेकींना बरोबर भिडतात. मध्ये फट राहत नाही आणि एकही नोंद दोनदा मोजली जात नाही.

सावध: ओरॅकलमधल्या ‘डेट’ या प्रकाराच्या नावावर जाऊ नये. त्यात तारखेबरोबर सेकंदापर्यंतची वेळही साठते, त्यामुळे तिथेही हीच पद्धत हवी.

सावध: तारीख कोणत्या रूपात लिहिली आहे हेही पाहावे. एसक्यूएल सर्व्हरच्या डेटटाइममध्ये ‘२०२४-०३-०४’ याचा अर्थ सेशनच्या (चालू जोडणीच्या) भाषेनुसार ४ मार्च किंवा ३ एप्रिल होऊ शकतो. मधल्या रेघा काढून ‘२०२४०३०४’ असे लिहिले तर अर्थ पक्का राहतो. शक्य असेल तिथे तारीख मजकूर म्हणून न पाठवता तारखेच्याच प्रकाराचा पॅरामीटर म्हणून पाठवावी.

नोंदी यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवल्या असतील तर ‘दिवस’ कोणत्या टाइम झोनचा हे आधी ठरवावे. मग त्या दिवसाची सुरुवात आणि दुसऱ्या दिवसाची सुरुवात या दोन क्षणांचे यूटीसीत रूपांतर करून तीच मूल्ये सीमा म्हणून द्यावीत.

तपासणी: बारा महिन्यांच्या बारा क्वेरींतील नोंदींची बेरीज संपूर्ण वर्षाच्या एका क्वेरीएवढी आली पाहिजे. एका नोंदीचाही फरक पडला तर सीमा चुकलेल्या आहेत.

## ५. नल मूल्यांचा निर्णय अमलात आणा

मूल्य नल असेल, म्हणजे नोंदवलेलेच नसेल, तर ‘बिट्वीन’ चे उत्तर खरेही नसते आणि खोटेही नसते. ते ‘अज्ञात’ असते. ‘नॉट बिट्वीन’ चेही तसेच. ‘व्हेअर’ (क्वेरीतला अट लिहिण्याचा भाग) फक्त खऱ्या ठरलेल्या नोंदी पुढे पाठवते, म्हणून नल असलेली नोंद ‘आत’ च्या यादीतही येत नाही आणि ‘बाहेर’ च्या यादीतही येत नाही. आतल्या आणि बाहेरच्या नोंदी मिळून सर्व नोंदी होतील असे गृहीत धरणारा अहवाल इथे फसतो. नल नोंदी हव्या असतील तर ‘ऑर तापमान इज नल’ स्पष्ट लिहावे, आणि अर्थातच कंसात.

सीमाच नल असेल तर प्रकरण अधिक फसवे होते. ‘५ बिट्वीन नल अँड ३’ याचे उत्तर अज्ञात नसून खोटे आहे: ५ हे ३ पेक्षा मोठे असल्याने खालची सीमा काहीही असली तरी अट मोडणारच. त्यामुळे ‘नॉट बिट्वीन’ घेतले तर ही नोंद चक्क परत येते. नल सीमेचा अर्थ ‘या बाजूला बंधन नाही’ असा हवा असेल तर तो असा लिहावा:

(खालची इज नल ऑर तापमान >= खालची) अँड (वरची इज नल ऑर तापमान < वरची)

तपासणी: आतल्या नोंदी, बाहेरच्या नोंदी आणि नल नोंदी वेगवेगळ्या मोजाव्यात. सीमा नल नसतील तर तिन्हींची बेरीज एकूण नोंदींइतकी आलीच पाहिजे.

## ६. अनेक पट्टे असतील तर त्यांची साखळी जोडा

गुणांवरून श्रेणी ठरवणे हे नेहमीचे उदाहरण. ‘० ते ३९’, ‘४० ते ५९’, ‘६० ते १००’ असे तीन ‘बिट्वीन’ लिहिले जातात, आणि गुण पूर्णांकात असेपर्यंत सगळे ठीक चालते. मग ५९.५ गुण येतात. ते कोणत्याच पट्ट्यात बसत नाहीत, आणि ‘केस’ मध्ये (अटींनुसार उत्तर निवडणाऱ्या रचनेत) ‘एल्स’, म्हणजे बाकी सर्वांसाठीचे उत्तर, नसेल तर श्रेणी नल होते.

‘केस’ मधली पहिली खरी ठरलेली अटच लागू होते. याचा फायदा घेऊन वरून खाली फक्त खालच्या सीमा तपासाव्यात: आधी गुण >= ६०, मग गुण >= ४०, मग गुण >= ०. अशा रचनेत फट राहण्याची शक्यताच नसते. मात्र हाच क्रम खालून वर लावला तर प्रत्येकाला पहिल्याच अटीत सर्वांत खालची श्रेणी मिळते.

इथे नलची आठवण पुन्हा ठेवावी. शेवटी ‘एल्स अनुत्तीर्ण’ असे लिहिले असेल तर ज्याचे गुण अजून नोंदवलेलेच नाहीत तोही अनुत्तीर्ण ठरतो. एखाद्याच्या निकालपत्रावर हे छापून गेले तर त्याची भरपाई क्वेरी दुरुस्त करून होत नाही. म्हणून ‘गुण इज नल’ ही अट ‘केस’ मध्ये सर्वांत आधी लिहावी.

पट्टे वारंवार बदलत असतील तर ते क्वेरीत न लिहिता वेगळ्या टेबलमध्ये ठेवावेत. तिथेही खालची सीमा आत आणि वरची सीमा बाहेर, हाच नियम पाळावा. त्या टेबलच्या नोंदी खालच्या सीमेनुसार लावून ‘लीड’ या विंडो फंक्शनने पुढच्या पट्ट्याची खालची सीमा आणावी. ती चालू पट्ट्याच्या वरच्या सीमेइतकी नसेल तर तिथे फट किंवा दुहेरी व्याप्ती आहे.

एक मूल्य नव्हे तर एक अख्खा कालावधी दुसऱ्या कालावधीत शिरतो का, हे पाहायचे असेल तर नव्या कालावधीची सुरुवात किंवा शेवट जुन्याच्या आत आहे का, एवढेच तपासून भागत नाही. नव्या कालावधीने जुन्याला दोन्ही बाजूंनी वेढले असेल तर ही तपासणी त्याला सोडून देते. अट अशी हवी:

नवा.सुरुवात < जुना.शेवट अँड जुना.सुरुवात < नवा.शेवट

## ७. सीमेवरच्या मूल्यांनी चाचणी घ्या

मधल्या मूल्यांनी घेतलेली चाचणी फारसे काही सिद्ध करत नाही, कारण २५ अंश हे सीमा चुकलेल्या बहुतेक अटींतही आतच येते. चाचणीच्या टेबलमध्ये खालच्या सीमेच्या किंचित अलीकडचे, बरोबर सीमेवरचे आणि किंचित पलीकडचे मूल्य, वरच्या सीमेसाठी तशीच तीन, आणि एक नल अशा सात नोंदी भराव्यात. ‘किंचित’ म्हणजे त्या कॉलमला साठवता येणारा लहानात लहान फरक; दोन दशांश स्थळांच्या कॉलममध्ये १९.९९ आणि २०.०१. प्रत्येक नोंदीपुढे अपेक्षित उत्तर पहिल्या टप्प्यातल्या कागदावरून आधीच लिहावे. क्वेरी चालवून, आलेले उत्तर पाहून मग ‘हेच अपेक्षित होते’ असे ठरवले तर त्याला चाचणी म्हणता येत नाही.

सावध: रेंजवर ‘डिलीट’ किंवा ‘अपडेट’ चालवायचे असेल तर तीच अट आधी ‘सिलेक्ट’ मध्ये वापरून नोंदींची संख्या पाहावी, आणि आज्ञा ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे गरज पडल्यास मागे घेता येईल अशी, चालवावी.

## ८. मग वेगाकडे पाहा

अट बरोबर आहे याची खात्री झाल्यावरच इंडेक्सचा विचार करावा. मुख्य नियम असा की कॉलम एकटा राहू द्यावा आणि आकडेमोड सीमांवर करावी. ‘तापमान * १.८ + ३२ बिट्वीन ६८ अँड ८६’ असे लिहिले तर डेटाबेसला प्रत्येक नोंदीचे गणित करावे लागते. ६८ आणि ८६ फॅरनहाइट म्हणजे २० आणि ३० सेल्सियस, तेव्हा सीमाच बदलून द्याव्यात. तसेच वर्ष काढणारे फंक्शन कॉलमला लावण्याऐवजी चौथ्या टप्प्यातली अर्धखुली रेंज लिहावी.

दोन कॉलमवर अट असेल, एकावर बरोबरीची आणि दुसऱ्यावर रेंजची, तर संयुक्त इंडेक्समध्ये बरोबरीचा कॉलम आधी ठेवावा: आधी केंद्र, मग वेळ. उलटा क्रम ठेवला तर इंडेक्स असूनही डेटाबेस त्या कालावधीतल्या सर्व केंद्रांच्या नोंदींमधून फिरतो.

पट्ट्यांच्या मोठ्या टेबलमध्ये एका मूल्याचा पट्टा शोधताना दोन कॉलमवर एकाच वेळी रेंजची अट पडते आणि साधा इंडेक्स तिथे अर्धाच उपयोगी पडतो. पट्टे एकमेकांवर चढत नसतील तर मूल्यापेक्षा लहान किंवा समान अशी सर्वांत मोठी खालची सीमा उतरत्या क्रमाने एकच नोंद घेऊन शोधावी आणि मग तिची वरची सीमा तपासावी.

## ९. चुकीचे मूल्य आतच येऊ देऊ नका

मूल्य नेहमी ठरावीक रेंजमध्येच असायला हवे असेल तर ते दर वेळी क्वेरीत तपासण्यापेक्षा टेबलवर ‘चेक’ बंधन घालावे. ‘व्हेअर’ आणि ‘चेक’ यांचा नलबाबतचा स्वभाव विरुद्ध आहे. ‘व्हेअर’ अज्ञात उत्तराची नोंद वगळते, तर ‘चेक’ फक्त खोट्या ठरलेल्या नोंदी अडवते आणि अज्ञाताला आत सोडते. म्हणून नल नको असेल तर ‘नॉट नल’ स्वतंत्रपणे लावावे.

सावध: मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधीच्या आवृत्त्या ‘चेक’ वाचतात, पण पाळत नाहीत. जुन्या आवृत्तीवर तयार झालेल्या टेबलमध्ये बंधन लिहिलेले होते एवढ्यावर विसंबू नये.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ९.२ पासून रेंज हा स्वतंत्र डेटा-प्रकारच आहे. त्यात सीमा आत की बाहेर हे मूल्यासोबतच साठते, काही न सांगितल्यास खालची आत आणि वरची बाहेर धरली जाते, आणि दोन कालावधी एकमेकांवर चढू नयेत असे बंधनही टेबलवर घालता येते.

चालू टेबलवर बंधन घालण्यापूर्वी त्याचा भंग करणाऱ्या जुन्या नोंदी ‘नॉट बिट्वीन’ ने, आणि नल नोंदी वेगळ्या, शोधून त्यांची यादी संबंधितांकडे द्यावी. त्या परस्पर सीमेवर आणून ठेवू नयेत. यादी निकाली निघेपर्यंत नव्या नोंदींना तरी अटकाव हवा असेल तर पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये बंधन ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून घालता येते. ते नव्या आणि बदललेल्या नोंदींना लगेच लागू होते, आणि जुन्या नोंदी दुरुस्त झाल्यावर ‘व्हॅलिडेट’ ची आज्ञा देऊन ते संपूर्ण टेबलवर पक्के करता येते.